मधुमेही डोळ्यावरचा लेझर आणि त्यानंतरची नजर

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या विकारात गेल्या पन्नास वर्षांत लेझरने असंख्य लोकांची नजर वाचवली आहे. मात्र हा उपचार मुळात पडद्याचा काही भाग जाणूनबुजून जाळण्याचा आहे, आणि ही गोष्ट उमगल्याशिवाय त्यानंतर उद्भवणाऱ्या तक्रारींचा अर्थ लागत नाही. लेझर घेतलेल्या अनेकांना रात्रीचे कमी दिसू लागते, बाजूने येणारे वाहन उशिरा जाणवते, वाचताना अक्षरे काही आठवडे पुसट किंवा वेडीवाकडी दिसतात, तर काहींच्या डोळ्यात उपचारानंतरही रक्त उतरते. मग ‘लेझर मारल्यामुळेच डोळा गेला’ असा समज घरात आणि नात्यागोत्यात पसरतो, आणि ज्यांना या उपचाराची तातडीने गरज असते तेही त्यापासून दूर राहतात. वास्तविक या तक्रारींपैकी काही म्हणजे उपचाराची आधीपासून ठाऊक असलेली किंमत असते, काही खरोखरची गुंतागुंत असते आणि काही निव्वळ मूळ रोगाची पुढची वाटचाल असते. या तिन्हींची गल्लत झाली की रुग्णाचे नुकसान होते, आणि ही गल्लत बहुधा उपचारापूर्वी पुरेसे न सांगितल्यामुळे होते.

डोळ्याचा पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, हे डोळ्याच्या मागच्या बाजूचे आतील अस्तर असून त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्या बाहेरच्या थरात असतात आणि त्यांचे दोन प्रकार आहेत: उजेडातले स्पष्ट व रंगीत दिसणे शंकूपेशींवर अवलंबून असते, तर अंधुक प्रकाशातले दिसणे दंडपेशींवर. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा छोटा भाग असतो. त्याच्या केंद्रात शंकूपेशींची दाटी सर्वाधिक असल्याने वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याच्या भरवशावर चालतात. त्याच्याभोवतीच्या विस्तीर्ण परिघावर दंडपेशींचे राज्य असते, आणि आजूबाजूची चाहूल व रात्रीची नजर त्या परिघातून मिळते. पडद्याला रक्तपुरवठाही दोन वाटांनी होतो: आतल्या थरांना पडद्याच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यांतून आणि प्रकाशग्राही पेशींना पडद्यामागच्या कोरॉइड नावाच्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या थरातून.

वर्षानुवर्षे रक्तातील साखर वाढलेली राहिली की पडद्याच्या केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांना सूक्ष्म फुगवटे येतात, त्यांतून द्रव आणि मेद झिरपू लागतात आणि काही केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात. झिरपलेला द्रव पीतबिंदूत साचला की तिथे सूज येते, आणि मधुमेहींची नजर मंद होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. बंद पडलेल्या केशवाहिन्यांचा परिणाम उशिरा दिसतो, पण तो जास्त घातक असतो. कारण प्राणवायूला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर स्रवतो आणि त्याच्या चेतावणीने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवू लागतात. या वाहिन्या नाजूक असतात, डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या काचाभ द्रवाच्या आधाराने पुढे सरकतात, सहज फुटून डोळ्यात रक्त भरतात आणि त्यांच्यासोबत वाढणारे तंतू आकसले की पडद्याला आपल्याबरोबर ओढून जागेवरून सोडवतात. लेझर मुख्यतः याच अवस्थेसाठी असतो.

प्रकाशाने पडदा भाजतो, ही गोष्ट वैद्यकाच्या उपयोगाला आली ती एका सूर्यग्रहणानंतर. ९ जुलै १९४५ रोजीचे ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पीतबिंदूवर उमटलेला व्रण जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्या पाहण्यात आला, आणि सूर्याने अपघाताने जे केले ते वैद्याने ठरवून, हव्या त्या जागी केले तर पडद्याला पडलेली छिद्रे डागून बंद करता येतील, असा विचार त्यांनी केला. १९४९ मध्ये त्यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशच रुग्णाच्या डोळ्यात सोडून हे प्रत्यक्ष करून दाखवले; पण हॅम्बुर्गच्या ढगाळ आकाशावर विसंबून उपचार चालणे शक्य नसल्याने पुढे कार्बनचा विद्युत्प्रकाश आणि १९५० च्या दशकात झाइस कंपनीच्या मदतीने झेनॉन वायूच्या दिव्याचे यंत्र आले. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला रुबी लेझर तयार केल्यावर काही वर्षांतच नेत्रतज्ज्ञांनी तो हाती घेतला, आणि १९६० चे दशक संपता संपता अर्गॉन वायूच्या लेझरने झेनॉनच्या दिव्याला मागे टाकण्यास सुरुवात केली.

मधुमेहात मात्र पडद्यावर जागोजाग चटके देण्याची कल्पना एका बारीक निरीक्षणातून निघाली. बॉस्टन येथील जोस्लिन क्लिनिकमधील विल्यम बीथम आणि लॉइड आयेलो यांच्या लक्षात आले की, ज्या मधुमेहींच्या पडद्यावर जुन्या आजाराचे व्रण असतात किंवा तीव्र लघुदृष्टीमुळे ज्यांचा पडदा विरलेला असतो, त्यांच्या डोळ्यात मधुमेहाचा विकार सौम्य राहतो. पडद्याचा काही भाग निकामी असणे हेच उरलेल्या भागाचे संरक्षण ठरत असेल, तर तसे व्रण मुद्दाम का करू नयेत, या विचाराने त्यांनी पडद्याच्या परिघावर रुबी लेझरचे विखुरलेले चटके देऊन पाहिले. यामागची कारणे नंतर उलगडली. प्रकाशग्राही पेशी पडद्याच्या वाट्याला येणाऱ्या प्राणवायूचा सर्वांत मोठा हिस्सा खर्चतात, त्यामुळे त्यांतील काही मेल्या की कोरॉइडमधून येणारा प्राणवायू त्या व्रणांवाटे आतल्या, उपाशी थरांपर्यंत पोहोचतो. आइसलँडचे एनार स्टेफान्सन यांनी या प्राणवायूच्या हिशेबाचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९४ मध्ये लॉइड आयेलो यांचेच पुत्र लॉइड पॉल आयेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांतील द्रव तपासून दाखवले की, नव्या रक्तवाहिन्या फोफावलेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ भरपूर असते आणि यशस्वी लेझरनंतर ते सुमारे ७५ टक्क्यांनी घटते.

पण त्याच्या कितीतरी आधी, कारण पुरते कळलेले नसताना, या उपचाराची कसोटी लागली होती. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या आणि १,७५८ रुग्णांचा समावेश असलेल्या ‘डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी’ या अभ्यासात प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यावर उपचार करून दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवण्यात आला होता. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी १६.३ टक्के डोळ्यांची नजर अत्यंत खालावली, तर उपचार केलेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के राहिले. फरक इतका ठळक होता की १९७६ मध्ये निष्कर्ष जाहीर करून, ज्या तुलनेच्या डोळ्यांना मोठा धोका होता त्यांनाही उपचार देण्याचा निर्णय झाला. त्याच अभ्यासाने उपचाराचे दुष्परिणामही लपवले नाहीत: झेनॉनचा प्रकाश आणि अर्गॉनचा लेझर दोन्ही गुणकारी ठरले, परंतु नजरेच्या आकड्यात एखाददुसऱ्या ओळीची घट आणि दृष्टिक्षेत्राचा संकोच झेनॉनने उपचार केलेल्या डोळ्यांत जास्त आढळला, आणि म्हणूनच अर्गॉनचा मार्ग रूढ झाला. फायद्याबरोबर तोट्याचीही मोजदाद करण्याची ही शिस्त या क्षेत्राला आरंभीच लाभली, हे रुग्णांचे भाग्य म्हटले पाहिजे.

आता जाणूनबुजून मोजलेल्या किमतीकडे वळू. पडद्याच्या परिघावर पूर्ण लेझर करताना जुन्या, रूढ पद्धतीत अर्धा मिलिमीटर व्यासाचे बाराशे ते सोळाशे चटके दिले जातात. एका चटक्याचे क्षेत्रफळ जवळपास ०.२ चौरस मिलिमीटर धरले तर दीड हजार चटक्यांनी सुमारे तीनशे चौरस मिलिमीटर पडदा भाजतो, आणि माणसाच्या एका डोळ्याचा सारा पडदा साधारण अकराशे चौरस मिलिमीटरचा असतो. म्हणजे पडद्याचा पाव हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, खर्ची पडतो. उपचारानंतर वर्षे उलटत जातात तसे हे व्रण कडेने पसरतात, त्यामुळे हा खर्च पहिल्या दिवसाच्या आकड्यावर थांबत नाही. पीतबिंदू वगळून परीघच निवडला जात असल्यामुळे वाचनाची नजर टिकते. परंतु दंडपेशी नेमक्या परिघावर असल्याने रात्रीची नजर कमी होते, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला जास्त वेळ लागतो, समोरचे पाहताना बाजूचे जे आपोआप दिसते त्याचा घेर आक्रसतो, फिक्या आणि गडद छटांतील फरक मंदावतो आणि निळ्या-पिवळ्या रंगांची पारख बिघडू शकते. यांतील काही दोष मधुमेह स्वतःही निर्माण करतो, कारण प्राणवायूच्या तुटवड्याचा फटका दंडपेशींना लेझरच्या आधीच बसू लागलेला असतो. म्हणून उपचारानंतरचा सारा अंधार लेझरच्या नावावर लिहिणे योग्य नाही, तसेच त्याला पूर्णपणे निर्दोष ठरवणेही योग्य नाही.

ही किंमत आयुष्यात कुठे मोजावी लागते, हे माणसाच्या कामावर अवलंबून असते. शहरातल्या उजेडात कार्यालयीन काम करणाऱ्याला कदाचित ती चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरतानाच जाणवेल, पण शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते म्हणून बॅटरीच्या उजेडात बांधावरून चालत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला, रात्रपाळीच्या चालकाला किंवा पहाटे घर सोडणाऱ्या मासळी विक्रेतीला ती रोज मोजावी लागते. ब्रिटनमध्ये तर दोन्ही डोळ्यांवर असे लेझर झालेल्या चालकाने परवाना देणाऱ्या यंत्रणेला तसे कळवणे बंधनकारक आहे आणि आडव्या रेषेत किमान १२० अंशांचे दृष्टिक्षेत्र असल्याशिवाय मोटार चालवता येत नाही. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मधुमेहींना हा नियम लागू आहेच. भारतात रुग्णाला याची कल्पना देण्याचे काम बहुतांशी डॉक्टरच्या सवडीवर सोडलेले असते. उपचाराची किंमत आधी सांगितली तर रुग्ण घाबरून निघून जाईल, ही भीती समजण्यासारखी असली तरी ती चुकीची आहे. न सांगितलेली किंमत पुढे फसवणूक वाटते, आणि फसवले गेल्याची भावना झालेला रुग्ण दुसऱ्या डोळ्याच्या उपचाराला येत नाही.

खऱ्या अर्थाने गुंतागुंत म्हणता येईल अशा गोष्टींत पीतबिंदूची सूज सर्वांत महत्त्वाची आहे. परिघावर शेकडो चटके बसल्यावर पडद्यात दाह निर्माण होतो, दाह वाढवणारी द्रव्ये डोळ्यात पसरतात, केशवाहिन्यांतून होणारी गळती काही काळ वाढते आणि पीतबिंदूत आधीच थोडी सूज असेल तर ती अधिक फुगते. परिणामी, ज्या रुग्णाला नव्या रक्तवाहिन्यांचा काहीच त्रास जाणवत नव्हता आणि ज्याची वाचनाची नजर उत्तम होती, त्याला उपचारानंतर काही दिवसांतच अक्षरे धूसर दिसू लागतात. रुग्णाच्या दृष्टीने हा मोठा अन्याय असतो, कारण जो रोग त्याला दिसत नव्हता त्याच्यासाठी त्याने उपचार घेतला आणि जे दिसत होते ते बिघडले. बहुतेकांत ही सूज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरते, पण काहींत ती रेंगाळते. म्हणूनच पूर्वापार हे लेझर एका बैठकीत न उरकता आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-चार बैठकांत विभागले जाते, आणि पीतबिंदूत आधीच सूज असेल तर शक्य तिथे आधी किंवा सोबतच तिच्यावर उपचार केला जातो. अमेरिकेतील एका गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत एकाच बैठकीत केलेल्या लेझरनंतर आरंभीची सूज किंचित जास्त दिसली तरी काही महिन्यांनंतरची स्थिती वाईट नव्हती. त्यामुळे ज्याला वारंवार प्रवास करणे शक्य नाही अशा, मध्यभागी सूज नसलेल्या रुग्णाला एका बैठकीचा पर्याय नाकारण्याचे कारण नाही. ओसीटी या तपासणीत प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे उभे छेद स्पर्शाविना दिसतात आणि सुजेची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. उपचारापूर्वी ती केलेली असली की नंतरची सूज जुनी की नवी, हा वाद उरत नाही.

दाहाचाच दुसरा, कमी ऐकिवात असलेला परिणाम म्हणजे कोरॉइडमध्ये किंवा पडद्याखाली पाणी साचणे. एका बैठकीत खूप चटके दिले गेले तर कोरॉइडला सूज येऊन भिंगामागचा भाग पुढे ढकलला जातो, डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली कमी होते आणि क्वचित डोळ्यातील दाब एकदम चढतो. तेव्हा डोळा ठणकतो, लाल होतो, डोके दुखते आणि मळमळते. पडद्याखालचे पाणीही कधी कधी इतके साचते की पडदा उचलला जातो, मात्र ही अवस्था पडद्याला छिद्र पडून तो सुटण्यापेक्षा निराळी असते आणि बहुधा औषधोपचाराने एक-दोन आठवड्यांत ओसरते. दोन्हींतला भेद तज्ज्ञाने तपासूनच ठरवावा लागतो, घरी बसून तो ठरवता येत नाही.

डोळ्यात उतरणाऱ्या रक्ताविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. लेझरमुळे नव्या रक्तवाहिन्या त्याच दिवशी नाहीशा होत नाहीत. व्हीईजीएफ घटल्यावर त्या आठवड्यागणिक वाळत जातात आणि त्या वाळत असताना, त्यांच्यालगतचे तंतू आकसत असताना किंवा काचाभ द्रव पडद्यापासून सुटत असताना त्यांच्यावर ताण येऊन त्या फुटू शकतात. त्यामुळे उपचारानंतर पहिल्या काही आठवड्यांत डोळ्यापुढे काळे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा लालसर धूर दिसला तर लेझर फसला असा निष्कर्ष काढता येत नाही. बहुतेक वेळा उपचार अपुरा असतो किंवा रोग त्याच्या पुढे धावत असतो, आणि रक्त थोडे निवळताच उरलेला लेझर पूर्ण करणे हाच मार्ग असतो. तंतूंचे जाळे आधीच दाट असेल तर मात्र धोका वेगळा आहे. ते झपाट्याने आकसले तर पडदा ओढला जाऊन सुटतो, आणि हा प्रकार लेझरनंतर होतो तसाच व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शननंतरही होतो. अशा डोळ्यासाठी विट्रेक्टॉमी, म्हणजे बारीक छिद्रांतून काचाभ द्रव आणि तंतू काढून पडदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया, लागू शकते; तिचा पाया रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास घातला आणि तिच्यामुळे पूर्वी अंधच होणाऱ्या कित्येक डोळ्यांना काही नजर राखता आली.

पीतबिंदूजवळ केलेल्या लेझरची गोष्ट स्वतंत्र आहे, कारण तिथे चुकीला जागा फारच थोडी असते. १९७९ नंतर अमेरिकेत ३,७११ रुग्णांवर झालेल्या ईटीडीआरएस या अभ्यासाने दाखवले की गळणाऱ्या फुगवट्यांवर अगदी बारीक चटके दिल्यास तीन वर्षांत मध्यम स्वरूपाची दृष्टिहानी होण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते. हे चटके केंद्रापासून अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून दूर ठेवले जात. रुग्णाने त्याच क्षणी नजर वळवली किंवा सुजलेल्या पडद्यात केंद्राची खूण पुसट झाली तर केंद्रालाच इजा होऊन नजरेच्या मधोमध कायमचा काळा डाग पडण्याची भीती असे, आणि ही इजा भरून येत नाही. चटका योग्य जागी बसला तरी वर्षानुवर्षे त्याचा व्रण पसरत केंद्राकडे सरकू शकतो. फार लहान, फार तीव्र चटक्याने पडदा आणि कोरॉइड यांच्यामधले ब्रुखचे पटल फाटले तर त्या भेगेतून कोरॉइडच्या रक्तवाहिन्या पडद्याखाली शिरतात, क्वचित तिथे चिवट तंतूंचा थर जमतो, आणि मग मूळ विकारापेक्षा उपचाराचा व्रणच नजरेला मारक होतो. अर्गॉनच्या सुरुवातीच्या यंत्रांतील निळा प्रकाश पीतबिंदूच्या नैसर्गिक पिवळ्या रंगद्रव्यात शोषला जाई, म्हणून पीतबिंदूजवळ तो वापरणे पुढे टाळले गेले आणि हिरवा प्रकाश रूढ झाला. वर्षानुवर्षे हे यंत्र चालवणाऱ्या डॉक्टरांचीच निळ्या रंगाची पारख परतणाऱ्या किरणांमुळे मंदावत असल्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आढळले होते, ही नोंद या किरणांच्या सामर्थ्याविषयी बरेच काही सांगते. केंद्रातील सुजेसाठी २०१० नंतर इंजेक्शनांनी लेझरची जागा मोठ्या प्रमाणात घेतली, आणि अशा अपघातांची शक्यताही त्यामुळे कमी झाली.

उरलेल्या तक्रारी तुलनेने लहान आहेत. डोळ्याच्या आडव्या रेषेवर, दोन्ही बाजूंना, जे लांब मज्जातंतू पुढे जातात त्यांना लेझरची धग लागली तर उपचाराच्या वेळी कळ येते, नंतर बाहुली मोठी राहते किंवा जवळचे पाहताना डोळा नेमका जुळत नाही. तरुण रुग्णाला यामुळे अचानक जवळच्या चष्म्याची गरज पडते. पडद्यावर पातळ पापुद्रा धरून दृष्टी किंचित वेडीवाकडी होणेही शक्य असते.

यंत्रे सुधारली तसे काही त्रास कमी झाले. २००६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढे आणलेल्या पद्धतीत चटक्याचा काळ एक दशांश सेकंदावरून दोन शतांश सेकंदापर्यंत खाली आणला गेला आणि संगणकाच्या साहाय्याने एका झटक्यात अनेक चटके ठरावीक नक्षीत देता येऊ लागले. उष्णता आजूबाजूला आणि खोलवर पसरायला वेळ न मिळाल्याने वेदना घटल्या आणि व्रणही आटोपशीर राहिले. परंतु जो चटका कमी भाजतो तो प्राणवायूची बचतही कमी करतो, म्हणून तितक्याच परिणामासाठी चटक्यांची संख्या वाढवावी लागते, आणि जुन्याच संख्येवर थांबले तर नव्या वाहिन्या पुन्हा डोके वर काढतात. ‘नवा लेझर, काहीच दुष्परिणाम नाहीत’ अशी जाहिरात म्हणून सावधपणेच वाचावी.

मग चटके न देता केवळ इंजेक्शनांवर भागवता येणार नाही का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ३९४ डोळ्यांची तुलना करण्यात आली: दोन वर्षांनंतर रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनाने वाचनाची नजर लेझरइतकीच टिकली, दृष्टिक्षेत्राची हानी कमी झाली, पीतबिंदूची सूज नव्याने येण्याचे प्रमाण लेझरच्या गटात २८ टक्के तर इंजेक्शनच्या गटात ९ टक्के राहिले, आणि विट्रेक्टॉमीची गरजही अनुक्रमे १५ आणि ४ टक्के डोळ्यांना पडली. एवढे वाचून लेझर इतिहासजमा झाला असे वाटेल. तथापि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत दृष्टिक्षेत्र घटलेलेच दिसले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजेक्शनचा परिणाम काही आठवड्यांचाच असल्याने तो टिकवायला रुग्णाला पुन्हापुन्हा यावे लागते. इंजेक्शनांच्या मधल्या काळात येणे बंद केलेल्या अमेरिकेतील रुग्णांचा शोध घेतल्यावर, केवळ इंजेक्शने घेतलेल्यांच्या डोळ्यांत पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रमाण लेझर झालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. भारतात २०२१ मध्ये मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या घरात असल्याचा आयसीएमआरच्या सर्वेक्षणाचा अंदाज आहे. त्यांपैकी गडचिरोलीच्या आतल्या गावातला किंवा कोकणातल्या वाडीवरचा, मजुरी बुडवून आणि सोबतीला माणूस घेऊन दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ न शकणारा जो रुग्ण आहे, त्याच्यासाठी रात्रीची थोडी नजर घेऊन दिवसाची नजर कायम राखणारा लेझर आजही अधिक भरवशाचा आहे. लेझरने झालेली हानी कायमची असते हे खरेच, पण त्याचे संरक्षणही कायमचे असते, आणि रुग्णाच्या परिस्थितीचा विचार न करता केवळ अभ्यासातील सरासरी पाहून उपचार निवडणे त्याच्या हिताचे नाही.

निवड कोणतीही असो, काही गोष्टी रुग्णाच्या हाती राहतात. अनेक वर्षे बेफाम राहिलेली साखर औषधांनी एकदम खाली आणली तर पडद्याचा विकार काही महिने वाढू शकतो, म्हणून तसे करण्याआधी आणि नंतर पडदा तपासून घ्यावा लागतो. गर्भारपणातही तो झपाट्याने बळावू शकतो. आणि रक्तदाब व मूत्रपिंडाचा आजार आटोक्यात नसला तर पीतबिंदूची सूज कोणत्याच उपचाराला पुरती दाद देत नाही. लेझरनंतर एकाएकी ठिपक्यांचा वर्षाव होणे, नजरेत एका बाजूने सावली सरकत येणे, मधोमध डाग दिसणे किंवा डोळा ठणकून उलटी होणे यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवावा लागतो. याउलट, तासाभरासाठी आलेला झगमगाट, संध्याकाळपर्यंतची डोकेदुखी आणि एक-दोन दिवस राहणारा धूसरपणा यांनी घाबरण्याचे कारण नसते.

नव्या रक्तवाहिन्या वाळल्या की नाही, याचा अंदाज साधारण दोन-तीन महिन्यांत येतो, आणि न वाळल्यास मोकळ्या राहिलेल्या जागांत आणखी चटके भरावे लागतात. तेव्हा उपचारापूर्वीचा वाचनतक्त्यावरचा आकडा, ओसीटीचा छेद आणि शक्य असल्यास दृष्टिक्षेत्राचा नकाशा रुग्णाच्या स्वतःच्या फायलीत असेल, तर कमी झालेली नजर लेझरने घेतली, सुजेने घेतली की रोगाने, हे पुढच्या डॉक्टरला नेमके ठरवता येते आणि उरलेल्या नजरेसाठी कोणता उपचार करायचा हेही त्यावरूनच ठरते.